तुपात भिजवलेली दोरी

त्या वर्षी बाबांनी आमच्या घरातली प्रत्येक वस्तू उघडून पाहिली. बंद पडलेल्या वस्तू लवकरच संपल्या, मग चालणाऱ्यांवर संक्रांत आली. पंखा, राइस कुकर, माझ्या सायकलचा दिवा, आईचा पुण्याहून आणलेला मिक्सर आणि तो जपानच्या विजेवर चालावा म्हणून घेतलेला विटेसारखा जड ट्रान्सफॉर्मर, सगळं एकेक करून वर्तमानपत्रांवर पसरलं जायचं आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा जोडलं जायचं. जोडल्यावर सगळं चालायचं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण फुनाबोरीतल्या आमच्या त्या दोन खोल्यांच्या घरात जेवायला बसण्याआधी जमिनीवरचे स्क्रू वेचावे लागायचे, आणि एकदा तर एक बारीकसा वॉशर माझ्या दह्याच्या वाटीत सापडला. आई म्हणाली, गिळला नाहीस ना, मग झालं.

बाबांचं काम गेलं होतं. घरात ‘काम गेलं’ असं कुणी म्हणत नसे, ‘प्रोजेक्ट संपला’ असं म्हणायचं. पुण्याच्या एका कंपनीने त्यांना सॉफ्टवेअरच्या कामावर जपानला पाठवलं तेव्हा मी बोबडं बोलत होते. एका कॉन्ट्रॅक्टचं दुसरं, दुसऱ्याचं तिसरं होत आम्ही तिथेच राहिलो, आणि मी अकरावीत असताना शेवटच्या कंपनीने सगळ्या टीमला अतिशय नम्रपणे घरी पाठवलं. बाबांनी आईला शब्द दिला होता की नवीन वर्षापर्यंत काही जमलं नाही तर आवराआवर करायची आणि मार्चमध्ये पुण्याला परतायचं. आईला ते हवंच होतं. तिला तिकडे माणसं होती, भाजीवाल्याशी घासाघीस करायला भाषा होती. मला मात्र मुळीच जायचं नव्हतं. माझी शाळा, मैत्रिणी, शाळेच्या बँडमधली माझी क्लॅरिनेट, मनातल्या मनात चिडायची माझी भाषासुद्धा तिथली होती. पुणं म्हणजे सुट्टीत जाऊन गाल ओढून घ्यायचं गाव. म्हणजे बाबांना नोकरी मिळते की नाही यावर माझा जीव टांगणीला लागलेला, आणि बाबा पंखा उघडून बसलेले. मला त्यांचा संताप यायचा. आज मी तेव्हाच्या बाबांपेक्षा पुष्कळ म्हातारी आहे आणि रिकामे हात माणसाला कसे छळतात ते मला माहीत आहे, पण तेव्हा ते समजून घेण्याची माझी तयारी नव्हती.

घरात उघडण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा त्यांच्या पायाला भिंगरी लागली. सकाळी अर्ज पाठवून झाले की ते बूट घालून निघायचे, नदीकाठाने चालत राहायचे, पूल ओलांडून पार इचिकावापर्यंत जायचे आणि पाय दुखले की ट्रेनने परत यायचे. आई म्हणायची, जाऊ दे, निदान तेवढा वेळ मिक्सर सुरक्षित आहे. एका शनिवारी मी क्लॅरिनेट घासत बसले होते तेव्हा त्यांचा फोन आला. ताबडतोब ये, एक गृहस्थ माझ्याशी काहीतरी बोलताहेत आणि ते रागावलेत की नाही ते मला कळत नाहीये. हे असं नेहमीचंच होतं. बाबांचं जपानी कोम्बिनी, म्हणजे नाक्यावरचं चोवीस तास उघडं दुकान, स्टेशन आणि ऑफिसातल्या नमस्कारांपलीकडे कधी गेलं नाही; वॉर्ड ऑफिस, दवाखाना, घरमालक, सगळीकडे मला पुढे करायचे. लहान असताना मला त्याचा अभिमान होता. सोळाव्या वर्षी मला त्याची लाज वाटायला लागली होती.

जाऊन पाहते तर इचिकावातल्या एका गल्लीच्या तोंडाशी, जिथे लोक आपला गोमी, म्हणजे कचरा, ठरलेल्या वारी ठरलेल्या प्रकारे वेगळा करून ठेवतात तिथे, बाबा एक मोटर पोटाशी धरून उभे होते. कुणाच्या तरी टाकून दिलेल्या वॉशिंग मशीनमधून त्यांनी ती खिशातल्या स्क्रू ड्रायव्हरने काढली होती. दुसऱ्याच्या कचऱ्याला हात लावणं तिथे किती वाईट समजतात हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही, त्यांच्याच्याने राहवलं नाही. समोर गमबूट घातलेले एक वयस्कर गृहस्थ होते. मी आधी वाकून माफी मागितली, मग ते काय म्हणताहेत ते ऐकलं. ते रागावले मुळीच नव्हते. मशीन त्यांचंच होतं, आणि या मोटरचं तुम्ही काय करणार, एवढंच ते मघापासून विचारत होते. मी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, अजून ठरवलं नाही, पण अशी चांगली मोटर टाकून देणं बरं नाही. हे मी जपानीत सांगितल्यावर ते गृहस्थ हसले आणि आम्हाला आपल्या दुकानात घेऊन गेले.

त्यांचं नाव ओकाबे-सान. शाळेत रसायनशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते. दुकान त्यांच्या वडिलांचं, टोफूचं; वडील गेल्यावर ते बंदच होतं. ओकाबे-सानांनी रीतसर छोटा परवाना काढून तिथे बिअर करायला घेतली होती, कारण घरच्या घरी बिअर करायला जपानमध्ये कायद्याने बंदी आहे. टोफूच्या दुकानात लागणारं सगळं तिथे आयतं होतं, पाण्याचा निचरा होणारी उतरती फरशी, मोठी शेगडी, स्टीलच्या टाक्या. भिंतींना अजून सोयाबीनचा वास होता आणि त्यावर आता भाजक्या जवाचा वास चढला होता. पुढे बाबांच्या शर्टाला तो वास यायला लागला तेव्हा आईने नाक मुरडता मुरडता कबूल केलं की हा तर सातूच्या पिठाचा वास आहे. तिथे दारू प्यायला वीस वर्षं पूर्ण लागतात आणि माझी नव्हती, त्यामुळे त्या बिअरची चव कशी होती ते मला आजही सांगता येणार नाही, पण वास मी कुठेही ओळखेन.

त्या दिवशी ओकाबे-सानांचा जवाचा रस शेगडीवर उकळत होता. उकळून झाल्यावर त्यांनी गॅस बंद केला, एक बादली घेतली, ती उकळत्या रसाने भरली, तीन पायऱ्यांच्या घोड्यावर चढले आणि टाकीत ओतली. मग खाली उतरून दुसरी. त्यांच्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता. बाबांनी कपाळाला हात लावला. बाबांचे वडील कऱ्हाडला मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवायचे. शेतावरचे जळलेले पंप तिथे दुरुस्तीला यायचे आणि बाबा शाळेतून आले की तांब्याच्या तारेत बसलेले असायचे. पुढे शिकून ते कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले ते बसलेच. आता एक माणूस पाणी उपसायला बादली वापरतोय हे पाहणं त्यांना सहन होईना. त्यांनी मला सांगायला लावलं की मी तुम्हाला पंप करून देतो. ओकाबे-सानांनी जपानी रीतीप्रमाणे नको नको म्हटलं, बाबांना ते कळलं नाही, आणि मी ते मुद्दामच सांगितलं नाही, कारण किती तरी दिवसांनी बाबांच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसत होतं.

पंप आमच्या घरात तयार झाला. खरं सांगायचं तर आईच्या स्वयंपाकघरातून तयार झाला. पोटातून जाणारी वस्तू ज्यातून वाहणार ते भांडं स्टीलचंच हवं, म्हणून आईच्या लग्नातला जाड पत्र्याचा डबा गेला, ज्याच्यावर माझ्या मामाचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं. आत फिरणारी पाती एका ताटलीतून कापली. डब्याच्या झाकणातून पाणी गळू नये म्हणून प्रेशर कुकरची रिंग बसवली, कारण उकळतं सोसायला तिच्यासारखी वस्तू नाही. त्या रिंगा पुण्याहून यायच्या, आणि ही घरातली शेवटची जास्तीची होती. आईने डब्यासाठी आकांत केला, ताटलीसाठी अबोला धरला आणि रिंगेच्या वेळी नुसतं एवढंच विचारलं, की हे सगळं दारू गाळण्यासाठीच ना. तिच्या माहेरी दारू हा शब्दसुद्धा हळू आवाजात उच्चारायचे. बाबा म्हणाले, दारू कसली, जवाची पेज आहे. आई म्हणाली, मग पेजेला परवाना का लागतो.

मोटर बाहेर, पाती डब्याच्या आत, आणि दोन्हींना जोडणारा दांडा डब्याच्या बुडातून आरपार. दांडा फिरायला हवा आणि त्याच्या कडेने रस गळायला नको, पंपाचं सगळं घोडं इथेच अडतं. कऱ्हाडच्या दुकानात त्याला साधा उपाय होता. दांड्याभोवती सुती दोरी गच्च भरायची, वरून नट आवळायचा, आणि दोरी कोरडी घासून जळू नये म्हणून ती आधी ग्रीसमध्ये बुडवून ठेवायची. पण ग्रीस बिअरमध्ये उतरलं तर माणसांच्या पोटात जाणार. बाबा दोन दिवस त्यावर अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालत होते. मग त्यांनी आईच्या देवघरातला वातींचा कापूस घेतला, पिळून त्याची दोरी वळली आणि ती साजूक तुपात भिजवली. तुपातली वात निरांजनात तासभर जळते, तर दांड्याभोवती का नाही टिकणार, असं त्यांचं म्हणणं. आणि शुद्ध म्हणाल तर तुपाइतकं शुद्ध काय आहे. तूप आईने घरी कढवलेलं होतं.

पहिली चाचणी आमच्या न्हाणीघरात झाली. जपानी घरातला आंघोळीचा टब खोल असतो. तो भरून बाबांनी पंप खाली जमिनीवर ठेवला आणि नळी वर बेसिनमध्ये सोडली. चालू केल्याबरोबर आत खडी ओतल्यासारखा आवाज झाला आणि खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. मी दाराशी माफी मागत उभी, आणि आतून बाबा मराठीत ओरडून मला समजावताहेत की पंपाच्या पोटात आधी पाणी भरायला हवं, रिकाम्या पोटी तो हवा खातो. तोटी पुढच्या नळीला बसवायची, येणाऱ्या नळीला कधीच नाही. पंपाचं खाणं अडवायचं नाही, काय अडवायचं ते पुढे अडवा. हे सगळं मला आजही पाठ आहे आणि मला आयुष्यात त्याचा कधीही उपयोग झालेला नाही. दुसऱ्या खेपेला खडी थांबली, घरघर सुरू झाली आणि बेसिनमध्ये पाण्याची जाड धार पडायला लागली. आई दारात येऊन पाहत उभी राहिली. नवऱ्याला असं हसताना तिने बरेच महिने पाहिलं नव्हतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं, म्हणून ती लगेच वळून आत गेली.

टोफूच्या दुकानात पंप लावला त्या दिवशी ओकाबे-सान एकही पायरी चढले नाहीत. उकळता रस खालून वर टाकीत आपला आपण चढला, आणि ते दोन्ही हात मागे बांधून, वर्गात मुलांचा प्रयोग पाहावा तसे पाहत राहिले. पुढे बिअर तयार झाल्यावर ती टाकीतून पिंपात भरायलाही तोच पंप वापरला. मधल्या काळात बाबा रोज तिकडे जायचे आणि शाळा सुटली की मला तिकडे बोलवायचे. मी कटकट करत जायचे. तिथेच एके दिवशी ओकाबे-सानांनी सांगितलं की त्यांचा एक जुना विद्यार्थी, मोरिता नावाचा, छोट्या बिअरवाल्यांसाठी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. त्यांना असा माणूस हवा आहे जो हाताने काम करतो आणि कॉम्प्युटरही जाणतो. रविवारी तो पंप पाहायला येईल. मी हे मराठीत सांगितलं तेव्हा बाबांनी मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. घरी येताना मी ट्रेनमध्ये मनातल्या मनात पुढच्या वर्षीच्या बँडमध्ये कोण कुठे बसेल ते ठरवून टाकलं.

मग बिअर ओतली आणि फेस आला नाही. म्हणजे आला आणि क्षणात विरला, कपडे धुतलेल्या पाण्यावरचा साबण विरतो तसा. जपानी माणसाला बिअरवरचा फेस किती प्रिय असतो हे तिथे राहिलेल्याला सांगायला नको. पेल्यावर दोन बोटं पांढरा फेस नसेल तर त्याला ती शिळी वाटते. ओकाबे-सानांनी पेले पुन्हा पुन्हा धुतले. जव बदलला होता का, पाणी बदललं होतं का, खमीर म्हातारं झालं का, ते स्वतःशी बोलत राहिले. शेवटी ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, वडिलांना सांग, त्यांच्या इतक्या चांगल्या पंपातून मी इतकी वाईट बिअर नेली, मला लाज वाटते. आणि त्यांनी बाबांना वाकून नमस्कार केला. बाबा घाईघाईने त्यांच्याहून खाली वाकले. बाबांना तेव्हा वाटलं की आपण ओकाबे-सानांचं सांत्वन करतोय.

शनिवारी संध्याकाळी आमच्या कुकरची रिंग फाटली. जास्तीची पंपात गेलेली, त्यामुळे आईला तुरीची डाळ उघड्या पातेल्यात शिजवावी लागली, आणि तिचं तोंड चालू होतं, की या घरात माणसांपेक्षा पंपाची सोय आधी बघितली जाते. डाळीला फेस आला, पातेल्याच्या कडेशी चढला, उतू जाणार एवढ्यात आईने बोलता बोलताच चमच्याच्या टोकावर तूप घेऊन त्यात टाकलं. फेस खाली बसला. यात नवीन काही नव्हतं, माझ्या माहितीतल्या सगळ्या बायका हेच करतात. पण बाबा ओट्याशी पाणी प्यायला आले होते. त्यांनी पेला खाली ठेवला. चप्पल घालून ते बाहेर गेले आणि कोम्बिनीतून बिअरचा एक कॅन घेऊन आले, आमच्या घरात आलेला पहिला आणि शेवटचा. काचेच्या पेल्यात त्यांनी बिअर ओतली, वर जाड पांढरा फेस आला. मग देवघरातल्या कापसाची एक वात तुपात बुडवून त्यांनी ती फेसाला लावली. आम्ही तिघं पाहत राहिलो. जिथे वात लागली तिथे आधी खड्डा पडला, मग सगळा फेस बसला आणि खाली नुसतं पिवळं पाणी राहिलं. आई म्हणाली, तो पेला आता माझ्या भांड्यांत नको. बाबा त्या रात्री जेवले नाहीत.

रविवारी दुपारी आम्ही दुकानाकडे जाणाऱ्या मोतोयावाताच्या ट्रेनमध्ये समोरासमोर बसलो होतो. मला वाटत होतं, बाबा नवी दोरी भरतील, काहीतरी दुसरं तेल वापरतील, पुढच्या बिअरला फेस येईल आणि कुणालाच काही कळायचं कारण नाही. मी तसं त्यांना सुचवलंही. ते खिडकीबाहेर पाहत होते.

मोरिता-सान आमच्या आधी येऊन बसले होते. चाळिशीचे, बारीक, सुटीच्या दिवशीही टाय लावलेले. त्यांनी पंप सगळ्या बाजूंनी पाहिला, चालू करून त्याला हात लावून थरथर पाहिली, डब्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि हे बनवणाऱ्या कंपनीचं नाव आहे का असं विचारलं. मी म्हटलं, माझ्या मामाचं आहे. ते पहिल्यांदा हसले. मग त्यांनी बाबांना ऑफिसच्या कामाबद्दल विचारलं, व्हिसाबद्दल विचारलं, कधीपासून येऊ शकाल असंही विचारलं, आणि मी इकडचं तिकडे करत होते. सगळं जमत होतं. तेवढ्यात ओकाबे-सान चहा घेऊन आले आणि विद्यार्थ्याला म्हणाले की पंपात काही दोष काढू नकोस, बिघडलं ते माझं आहे. मी म्हातारा झालो, माझ्या हातून आता बिअर होत नाही, परवाना परत करावा असं मनात आहे. ते हे हसत हसत म्हणाले. बाबांना शब्द कळले नसतील, पण ते त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

“काय म्हणाले?” बाबांनी मला विचारलं. मी सांगितलं.

“सांग त्यांना,” बाबा म्हणाले. “बिअरचा दोष नाही म्हणावं. माझ्या दोरीतल्या तुपाने फेस मेला.”

मी बाबांकडे पाहून मराठीत म्हणाले, “आत्ता नको. हे गेल्यावर सांगू या ओकाबे-सानांना. आजच सांगायचं काही अडलंय का?”

“अडलंय. तो माणूस दुकान बंद करायला निघालाय.”

“उद्या सांगितलं तरी उघडंच राहील ना. बाबा, आज हे सांगितलंत तर आपण मार्चमध्ये जाणार. तुम्हाला कळतंय का? माझी शाळा, माझं सगळंच.”

दोघे जपानी चहाचे पेले हातात धरून अदबीने जमिनीकडे पाहत होते. भांडण कुठल्याही भाषेत कळतं.

“कळतंय मला, मनू,” बाबा म्हणाले. “म्हणूनच तुला सांगायला लावत नाही.”

आणि ते ओकाबे-सानांसमोर जाऊन उभे राहिले. एवढी वर्षं त्या देशात काढून त्यांनी स्वतःचं असं एकही वाक्य तिथल्या माणसाला सांगितलं नव्हतं. ते पंपाकडे बोट दाखवून म्हणाले, “वाताशी. अबुरा. इरेमाशिता.” मी. तेल. घातलं. मग त्यांना पुढचा शब्द आठवेना. त्यांनी हाताने पेल्यावर फेस चढलेला दाखवला, मग तो हात खाली बसवला, आणि स्वतःच्या छातीवर ठेवला. एवढं करून ते वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत.

ओकाबे-सान पंपापाशी गेले. पान्याने नट सैल करून त्यांनी ती दोरी ओढून काढली, बोटांत चोळली, तिचा वास घेतला. वास फार छान आहे, असं ते म्हणाले. मग मला विचारलं, म्हणजे माझा जव ठीक आहे? मी हो म्हटलं. खमीर? मी पुन्हा हो म्हटलं. निवृत्त मास्तर माणूस, पालथ्या घातलेल्या बिअरच्या क्रेटवर मटकन बसले आणि त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. दोरीचा तुपकट हात चष्म्याला लागला, तोही त्यांनी पुसला. मोरिता-सान नंतरही तसेच नम्र होते. पंपात भरायला टेफ्लॉनची दोरी मिळते, तिचा एक तुकडा पाठवून देतो म्हणाले, आणि बाबांना म्हणाले की आम्ही विचार करून कळवतो. विचार करून कळवतो याचा अर्थ तिथे लहान मुलालाही माहीत असतो. मी ते बाबांना जसंच्या तसं सांगितलं, आणि त्यांनाही अर्थ कळला.

टेफ्लॉनचा तुकडा आठवड्याच्या आत आला. नोकरीचं काही आलं नाही, आणि मार्चमध्ये आम्ही पुण्याला परतलो. मी बाबांशी त्यानंतर किती तरी महिने धड बोलले नाही. त्या वेळी त्यांनी माझ्या आयुष्यापेक्षा एका परक्या म्हाताऱ्याची बिअर मोठी मानली असंच मला वाटायचं, आणि हे मी त्यांना एकदा तोंडावर सुनावलंही. बाबा म्हणाले होते, बिअर नव्हे गं. पण पुढे त्यांना सांगता आलं नाही, किंवा मी ऐकून घेतलं नाही. आता ते नाहीत, आणि मला ते वाक्य पूर्ण करून पाहायची सवय लागली आहे. दर वेळी ते वेगळं संपतं.

त्या रविवारी स्टेशनवर मी रडत होते. लोक पाहू नयेत म्हणून मी फलाटाच्या टोकाला जाऊन उभी राहिले. बाबांनी फलाटावरच्या नाणी टाकायच्या मशीनमधून माझ्यासाठी मक्याच्या गरम सूपचा कॅन आणला, मी घेतला नाही, मग ते तो स्वतःच दोन्ही हातांत धरून माझ्याशेजारी उभे राहिले. ट्रेन आली, आम्ही चढलो, दारं लागली. पुढचं स्टेशन मागे पडलं. मग ते म्हणाले की उद्या सकाळी त्यांना पुन्हा तिकडे जायचं आहे, सगळी टाकी गरम पाण्याने धुऊन काढायची, पंप सुटा करायचा, ओकाबे-सानांनी बोलावलंय. मी डोळे पुसले आणि थकून म्हटलं की उद्या माझी परीक्षा आहे, पण ठीक आहे, पहिला तास बुडवून येते.

“नको,” बाबा म्हणाले. “तू शाळेत जा. मी बोलेन त्यांच्याशी.”